शरणपूरची शाळा आणि ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका

जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ १८७३ची. काळ्या गुलामांना दास्यातून सोडवल्याबद्दल ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलेली आहे. आपण त्या मोठेपणाचं कौतुक करतो आणि पान उलटतो. आम्हाला मात्र तिथं एक उणीव दिसते. आभार सोडवणाऱ्यांचे आहेत, पण सुटलेल्यांनी स्वतः काय केलं?

सॅव्हाना शहराचंच बघा. जानेवारी १८६५मध्ये तिथल्या काळ्या लोकांनी आपसांत वर्गणी काढली, शिक्षकही आपल्यातलेच नेमले आणि शाळा सुरू केल्या.

आता अमेरिका राहू द्या, मुलुंडकरांना नाशिक काही लांब नाही. तिथल्या शरणपुरात चर्च मिशनरी सोसायटी मुक्त आफ्रिकी मुलांना शिकवत होती. गुलामांच्या गलबतांतून ब्रिटिश आरमारानं सोडवलेली मुलं ही. लेखन-वाचन, जोडीला सुतारकाम, लोहारकाम. इथलाच जेकब वेनराइट. १८७३मध्ये लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारला, तेव्हा तिथल्या झाडावर त्याचं नाव कोरलं ते यानं. शिकवलं चांगलं, यात वाद नाही. पण शिकून जायचं कुठं, हे मिशननं ठरवलं. पुढं बऱ्याच जणांना मोंबासाजवळच्या फ्रीअर टाउनला धाडलं. म्हणायला आफ्रिका, पण अनेकांचा मुलूख तो नव्हेच!

अर्पणपत्रिकेत राहिलेलं फुल्यांनी १८८२मध्ये हंटर आयोगापुढं मांडलं: प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातलेच घ्या.