'गाइड टू गुड प्रिस्क्रायबिंग' : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

औषधशास्त्राचे पारंपरिक अध्यापन औषधापासून निघून रोगाकडे जाते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेली प्रस्तुत पुस्तिका हा क्रम उलटविते. येथे आरंभ रुग्णाच्या तक्रारीपासून होतो, हे तिचे मोठे श्रेय होय. परिणामकारकता, सुरक्षितता, रुग्णानुकूलता आणि किंमत या चार निकषांवर विद्यार्थ्याने 'पी-औषध', म्हणजे आपल्या निवडीचे औषध, आधीच ठरवून ठेवावे, असा तिचा आग्रह आहे. या अध्यापनपद्धतीची परीक्षा सात शिक्षणसंस्थांत घेण्यात आली. त्यांत नवी दिल्लीचाही समावेश होता.

पुस्तिकेतील पहिलाच रुग्ण कोरड्या खोकल्याने त्रस्त झालेला ५२ वर्षांचा टॅक्सीचालक आहे. त्याच्यासाठी कोडीनचा विचार करताना त्याचा व्यवसायही लक्षात घेतला जातो. विवेचन मार्मिक आहे. मात्र निवड एकेका सुट्या औषधाची असते, हे त्यात गृहीत धरलेले आहे. भारतीय दुकानात खोकल्याच्या एकाच बाटलीत खोकला दाबणारे आणि कफ सुटविणारे, अशी परस्परविरोधी द्रव्ये एकत्र नांदत आली आहेत. (चमचा मात्र एकच!) चार निकषांच्या तक्त्यात अशा मिश्रणाला कोणत्या रकान्यात बसवावे, याविषयी पुस्तिका पुरेसे मार्गदर्शन करीत नाही. केंद्र शासनाने मार्च २०१६ मध्ये ३४४ संयुक्त औषधांवर बंदी घातली; न्यायालयीन वादानंतर सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ औषधांवर ती पुन्हा लागू झाली. ही छाटणी राजपत्राने केली, डॉक्टरांच्या लेखणीने नव्हे. प्रात्यक्षिक परीक्षेत सुटे औषध अचूक लिहिणारा विद्यार्थी पुढे दवाखान्यात मिश्रणाचे व्यापारी नाव लिहितो, तेव्हा त्याच्यापाशी पुस्तिकेतील कोणता निकष उरलेला असतो?