'मूळ' या विशेषणाची किंमत

जुन्या इलेक्ट्रिक गिटारींची किंमत त्यांच्या दुर्मिळतेवर आणि नादगुणावर ठरते, असे विक्रेते सांगतात व संग्राहकही बहुधा मानतात. हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. या व्यापाराची परिभाषा बारकाईने पाहिली, तर पुष्कळदा पैसा लाकडाला वा तारांना न मिळता एखाद्या विशेषणाला मिळतो, असे दिसून येते.

प्रथम दुर्मिळतेचा मुद्दा घ्यावा. गिब्सन कंपनीने १९५८ ते १९६० या काळात 'लेस पॉल' नमुन्याची 'सनबर्स्ट' रंगातील जी गिटार काढली, तिची त्या वेळची किंमत अडीचशे डॉलरांच्या आसपास होती. ती फारशी खपली नाही व लवकरच कंपनीने तिचा आकारच बदलला. अशा गिटारी दीड हजाराच्या आगेमागे निघाल्या असाव्यात, असा जाणकारांचा अंदाज आहे. आज चांगल्या स्थितीतील एका गिटारीला काही लाख डॉलर मोजावे लागतात. परंतु १९६१ मध्येही त्या तितक्याच दुर्मिळ होत्या, आणि तेव्हा त्यांना कोणी विचारीत नव्हते. १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या ध्वनिमुद्रिकेत एरिक क्लॅप्टनने ती वाजविली, अमेरिकेत माइक ब्लूमफील्डनेही ती हाती घेतली, आणि मागणी वाढली. १९६८ मध्ये कंपनीला तो नमुना पुन्हा काढावा लागला. दुसरे असे की, याच कंपनीच्या 'फ्लाइंग व्ही' गिटारी १९५८ व १९५९ मिळून अवघ्या ९८ बाहेर पडल्या. केवळ संख्येवर किंमत ठरती, तर त्या 'बर्स्ट'च्या सुमारे पंधरापट महाग असत्या. वस्तुतः दोहोंच्या किमती एकाच पंक्तीत बसतात.

अधिक बोधप्रद उदाहरण पिकअपचे आहे. सेथ लव्हर या तंत्रज्ञाने आसपासच्या विद्युत् उपकरणांमुळे उमटणारी गुणगुण टाळणारे पिकअप तयार केले. त्याच्या पेटंटसाठी १९५५ मध्ये अर्ज झाला, आणि १९५७ पासून ते गिटारींत बसू लागले. त्याच्या तळाशी 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशा अर्थाची इंग्रजी चिठ्ठी असे. पेटंट १९५९ मध्ये मिळाले, तरी ती चिठ्ठी पुढेही काही वर्षे चिकटविली जात राहिली. नंतर पेटंट क्रमांकाची चिठ्ठी आली. गंमत अशी की, तीवरचा क्रमांक या पिकअपचा नसून लेस पॉल यांच्या तारा अडकविण्याच्या पट्टीचा होता. क्रमांकाची चिठ्ठी असलेली आरंभीची पिकअप आतून शेवटच्या 'अर्ज'वाल्यांसारखीच आहेत. तरीही किंमत 'अर्जा'ला अधिक पडते. कार्यालयीन सूचनेच्या तीन शब्दांच्या आद्याक्षरांपासून 'पॅफ' हे सामान्यनाम सिद्ध झाले, त्याचे अनेकवचनही रूढ झाले, आणि या नामाला स्वतंत्र बाजारभाव आला. शब्दसिद्धीच्या अभ्यासकांस याहून बरे उदाहरण क्वचितच सापडेल.

'प्री-सीबीएस' या संज्ञेचेही तसेच. फेंडर कंपनी जानेवारी १९६५ मध्ये सीबीएसने १ कोटी ३० लाख डॉलरांना विकत घेतली. १९६२ मध्ये स्ट्रॅटोकास्टर घेणाऱ्यास आपली गिटार 'प्री-सीबीएस' आहे हे कळणे शक्यच नव्हते. ते विशेषण तिला नंतर, तिच्यात काहीही न बदलता लाभले. कारखान्यातील फेरबदल मात्र हळूहळू झाले. म्हणजे संज्ञेने जेथे रेघ ओढली, तेथे कारागिरीची रेघ नाही.

मूल्य हे वस्तूच्या अंगी नसून इतर मूल्यांशी असलेल्या संबंधात असते, हे सोस्यूरने पाच फ्रँकच्या नाण्याच्या उदाहरणाने सांगितले होते. विक्रेत्यांची परिभाषा नेमका हा संबंध लपविते व त्याला गुणधर्माचे रूप देते. याचा अर्थ सारेच भ्रामक आहे असा नाही. ब्राझिलियन रोझवूडचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९२ पासून अत्यंत कडक निर्बंधांखाली आहे. ते लाकूड खरोखरच सहज मिळत नाही. परंतु 'बर्स्ट'चा तांबडा रंग उजेडात उडून जाई, हा सरळसरळ दोष होता. त्याच दोषाला आज 'लेमन', 'हनी', 'टी' अशी गोड नावे मिळाली आहेत. उलट, रंग पुन्हा दिला असेल तर किंमत निम्म्यावर येते, असा या व्यापाराचा दंडक आहे. झिजलेले पडदे बदलल्याखेरीज गिटार नीट वाजत नाही. तरीही बदललेले पडदे वर्णनात उणीव म्हणून नोंदले जातात. ज्या वादकांनी हे मूल्य निर्माण केले, त्यांच्याच वापराचा येथे दंड भरावा लागतो.

मात्र वादकाचे नाव पुरेसे मोठे असले, की सारा दंडक उलटतो. डेव्हिड गिलमोर यांची काळी स्ट्रॅटोकास्टर १९६९ ची, म्हणजे सीबीएस-काळातील. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या दुकानातून घेतल्यावर तिची मान एकाहून अधिक वेळा बदलली, पिकअप बदलली, अंगाला भोके पाडून ती बुजविली. 'मूळ' या कसोटीवर ती कोठेच टिकत नाही. जून २०१९ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात तिला ३९,७५,००० डॉलर आले. येथे भोक हाच पुरावा ठरला. आणि कारखान्यांनी १९९० च्या दशकापासून नव्याकोऱ्या गिटारींवर असेच ओरखडे हेतुपुरस्सर उमटवून त्या साध्या नव्या गिटारींहून महाग विकण्यास आरंभ केला आहे.