स्पेक्ट्रम यंत्राच्या आवृत्त्या व त्यांचा परस्पर मेळ : एक चिकित्सा

जुन्या गणकयंत्रांचा संग्रह करणाऱ्या मंडळींत केंब्रिज येथील सिंक्लेअर रिसर्च कंपनीच्या ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ या यंत्रास मोठा मान आहे. हें यंत्र ता. २३ एप्रिल १९८२ रोजीं प्रसिद्ध झालें. १६ के स्मृतीच्या यंत्राची किंमत १२५ पौंड व ४८ केच्या यंत्राची १७५ पौंड होती. त्याची विद्युत्-रचना रिचर्ड ऑल्टवॉसर यांनीं केली, रॉममधील बेसिकचें बहुतेक लेखन स्टीव्ह व्हिकर्स यांचें, व बाह्य कवच रिक डिकिन्सन यांनीं आंखलें. संग्राहकांच्या याद्यांत या यंत्राचे ‘रबरी कळांचें’, ‘प्लस’, ‘करडें’, ‘काळें’ असे वर्ग पाडण्याची चाल पडली आहे. हें वर्गीकरण सदोष आहे, इतकेंच नव्हे, तर त्याच्या आधारें चाललेल्या ‘जीर्णोद्धारा’नें अस्सल पुरावा नष्ट होत आहे, असें आमचें मत आहे. त्याचीं कारणें क्रमानें देतों.

(१) कवच हा पुरावा नव्हे. पोथीचा काळ तिच्या रुमालावरून कोणी ठरवीत नाहीं. परंतु येथें नेमकें तेंच होतें. ऑक्टोबर १९८४ मध्यें ‘स्पेक्ट्रम+’ बाजारांत आला तेव्हां कळफलक व कवच नवें होतें. आंतील फलक पूर्वीच्याच ४८ केच्या यंत्राचा. शिवाय जुन्या यंत्रास नवें कवच चढविण्याचें साहित्य कंपनीनेंच विकलें. तेव्हां ‘प्लस’च्या पोटांत १९८२ सालचा फलक निघाल्यास नवल मानूं नये. उलट, अ‍ॅमस्ट्रॅड कंपनीच्या काळ्या ‘+२ए’ यंत्राचें रूप करड्या ‘+२’चें, पण आंतील रचना ‘+३’ची. भारतांत डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनें परवान्यानें विकलेल्या ‘डीबी स्पेक्ट्रम+’ यासही हाच न्याय लागू आहे. यंत्राची खरी पुष्पिका म्हणजे फलकावर छापलेला ‘इश्यू’चा अंक. ती वाचण्यासाठीं कवच उघडलेंच पाहिजे.

(२) मूळ प्रतीवरील दुरुस्त्या. इश्यू १ मध्यें फेरांटी कंपनीनें घडविलेली ५सी१०२ई ही यूएलए चिप आहे. तिच्यांत दोष राहून गेल्यामुळें एक लहान चिप उलटी, पाय वर करून, फलकावर बसवावी लागली. ‘मेलेलें झुरळ’ हें तिचें थट्टेचें नांव पुढें रूढ झालें. इश्यू २ मध्यें ५सी११२ई आली. त्या फलकांवर प्रोसेसरच्या पायांशीं हातानें डाक दिलेला ट्रान्झिस्टर आढळतो. इश्यू ३ पासून ६सी००१ई आली. पोथींतील अशुद्धावर लावलेला हरताळ व समासांत केलेली शोधनी जशी त्या प्रतीचाच भाग होय, तशाच या डाकाच्या दुरुस्त्या आहेत. त्या काढून फलक ‘स्वच्छ’ करणें म्हणजे हरताळ खरडून काढणें होय.

(३) पाठभेद. इश्यू २ व इश्यू ३ यांतील खरा भेद एका बिटाचा आहे. कळफलकाची खबर २५४ क्रमांकाच्या पोर्टवरून मिळते. एका वाचनांतील आठ बिटांपैकीं शून्य ते चार हे पांच बिट कळांचे. शून्यापासून मोजतां सहावा बिट टेप जोडण्याच्या ‘इअर’ खोबणीचा. टेप जोडलेला नसतां व कोणतीही कळ दाबलेली नसतां ‘प्रिंट इन २५४’ ही आज्ञा दिली, तर इश्यू २ वर २५५ व इश्यू ३ वर १९१ हा अंक येतो. दोहोंतील अंतर ६४, म्हणजे तोच सहावा बिट. जुन्या कांहीं खेळांच्या कर्त्यांनीं पांच बिट वेगळे न काढतां सबंध अंकच ताडून पाहिला. त्यामुळें ते खेळ इश्यू ३ वर कळा ओळखीनातसे झाले.

येथें दोष कोणाचा? कांहीं टीकाकार नव्या फलकावर ठपका ठेवतात. आमच्या मतें हें योग्य नाहीं. कळांचे बिट कोणते व खोबणीचा कोणता, हें कंपनीच्या पुस्तिकेंत स्पष्ट होतें. रिकाम्या खोबणीवर काय दिसावें याचें वचन कोणीं दिलें नव्हतें. कागदावरील डाग अनुस्वार समजून वाचणाऱ्यानें दुसऱ्या प्रतींत तो डाग नाहीं म्हणून ती प्रत अशुद्ध ठरवावी, त्यांतला हा प्रकार होय. मात्र डाग होता हेंही ऐतिहासिक सत्य आहे, व तें इश्यू २ वांचून दाखवितां येत नाहीं.

(४) कालमान व रॉम. स्पेक्ट्रम १२८ हें यंत्र इन्व्हेस्ट्रॉनिका कंपनीच्या सहकार्यानें १९८५ मध्यें प्रथम स्पेनमध्यें व १९८६ मध्यें इंग्लंडांत आलें. ४८ केच्या यंत्रांत चित्राच्या एका चौकटीस ३१२ ओळी, दर ओळीस २२४ ठोके, एकूण ६९,८८८; १२८ मध्यें ३११ ओळी, दर ओळीस २२८ ठोके, एकूण ७०,९०८. ठोके मोजून पडद्याच्या कडेस रंग उमटविणारे प्रयोग त्यामुळें नव्या यंत्रावर विस्कटतात. जुन्या रॉमच्या शेवटीं २५५ या अंकानें भरलेली मोकळी जागा होती व तिचा कांहीं कार्यक्रम आपल्या कामीं लावीत; पुढील यंत्रांत तेथें नवें लेखन झालें. एप्रिल १९८६ मध्यें अ‍ॅमस्ट्रॅडनें सिंक्लेअरचा गणकयंत्रांचा व्यवसाय ५० लक्ष पौंडांस घेतला. १९८७ च्या ‘+३’ मध्यें जोडपट्टीची मांडणी बदलली, त्यामुळें ‘इंटरफेस १’ हा सिंक्लेअरचाच जोड निरुपयोगी झाला. रिकाम्या पोर्टवर पडद्याचा चालू बाइट वाचण्याची जुनी युक्तिही तेथें चालेनाशी झाली. ‘कोब्रा’ हा खेळ त्या युक्तीवर उभा होता. यांपैकीं जोडपट्टीचा बदल हा मात्र उत्पादकाचाच दोष मानला पाहिजे, कारण तो जोड कंपनीच्याच नांवानें विकला गेला होता.

(५) दुरुस्तीनें होणारी हानि. ४८ केच्या फलकावरील वरच्या ३२ केसाठीं बसविलेल्या आठ चिपा वस्तुतः ६४ केच्या असून त्यांचा एक अर्धा भाग निकामी ठरलेला असे. चांगला अर्धा कोणता व चिप टेक्सासची कीं ओकीची, हें फलकावरील तारेच्या लहान जोडांवरून ठरे. हल्लींचे कारागीर आठही चिपा काढून नव्या, निर्दोष ६४ केच्या चिपा घालतात. यंत्र चालतें, परंतु कंपनीनें अर्धवट माल स्वस्तांत घेऊन किंमत कशी खालीं ठेवली, याचा प्रत्यक्ष पुरावा केराच्या टोपलींत जातो.

संगणकावर स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या चांगल्या कार्यक्रमांत ‘इश्यू २ चा कळफलक’ असा वेगळा पर्याय ठेवलेला असतो. नकलकारांनीं जो विवेक राखला तो मूळ वस्तु बाळगणाऱ्यांनीं सोडावा, हें शोभत नाहीं. ‘सर्वांत जुनी तीच खरी’ व ‘सर्वांत नवी तीच शुद्ध’ ही दोन्ही मतें टाकाऊ आहेत. प्रत्येक आवृत्ति ही स्वतंत्र साक्षीदार आहे. यास्तव यादींत निदान पांच गोष्टी नोंदाव्या: फलकाचा इश्यू, यूएलएचा क्रमांक, वरच्या स्मृतीच्या चिपा व त्यांचे जोड, हातानें केलेल्या दुरुस्त्या, आणि कवच मूळचें कीं मागाहून चढविलेलें. चिपा बदलणें अपरिहार्य झाल्यास काढलेल्या चिपा यंत्राबरोबरच जपून ठेवाव्या. एवढें पथ्य पाळलें तर हा संग्रह केवळ हौसेचा न राहतां इतिहासाचें साधन होईल.