बेटावरची हेलन

वेस्ट इंडीजच्या नकाशात सेंट लुशिया शोधायला गेले, तर बोटाच्या टोकाखाली सारे बेट झाकून जाते. उणेपुरे ६१७ चौरस किलोमीटर! पण एवढ्याशा भूमीसाठी फ्रेंच आणि इंग्रज इतके झगडले, की तिने चौदा वेळा धनी बदलला असे सांगतात. अखेर १८१४ च्या पॅरिसच्या तहाने ती इंग्रजांकडे राहिली. स्वातंत्र्य मिळाले १९७९ मध्ये. जिच्यापायी युद्धे व्हावीत अशी ही रूपसुंदरी, म्हणून साहेबलोकांनी तिला ‘वेस्ट इंडीजची हेलन’ म्हटले. समुद्रातून उभी चढत गेलेली पिटॉनची जोडशिखरे चित्रात पाहिली, तरी उपमा पटते.

पण उपमा पटली म्हणजे बेट कळले काय? याच बेटावर १९३० साली जन्मलेल्या डेरेक वॉलकॉट या कवीचे ‘ओमेरॉस’ (१९९०) हे दीर्घकाव्य मला मोलाचे वाटते, ते या प्रश्नासाठी. ओमेरॉस म्हणजे होमर. नावे ग्रीक, पण माणसे साधी: अशील आणि हेक्टर हे कोळी, आणि त्या दोघांना झुरायला लावणारी हेलन ही मोलकरीण.

आरंभच पाहा. होड्यांसाठी झाडे कशी तोडली, हे फिलॉक्टीट प्रवाशांना सांगतो आहे. ते त्याची छायाचित्रे टिपतात. चार नाणी जास्त मिळाली तर तो पायावरचा व्रणही दाखवतो. गंजलेल्या नांगराने झालेली ही जखम. पण त्याच्या मते ती आलेली असते गुलाम पूर्वजांच्या पायांतल्या बेड्यांपासून. पाहुण्याला देखावा दिसतो, बेटवासीयाला व्रण दिसतो. हे सांगायला कवीला व्याख्यान द्यावे लागत नाही, यातच त्याचे सामर्थ्य आहे.

एक उणीव मात्र मला खटकते. हेलनकडे सारे पाहतात, तिच्यासाठी झुरतात; निवृत्त इंग्रज मेजर प्लंकेट तर तिच्याखातर बेटाचा इतिहास लिहायला बसतो. पण तिच्या मनात काय आहे, हे आपल्याला फारसे कळत नाही. कादंबरी लिहिणाऱ्याला हे अधिकच जाणवते. बोलू न दिलेले पात्र कितीही सुंदर असले, तरी चित्रच राहते. मौज अशी, की कवीलाही हे उमगले आहे. काव्याच्या उत्तरार्धात तो स्वतःलाच विचारतो, की होमरची सावली बाजूला सारून हिला हिच्याच उन्हात का पाहू नये?

१९९२ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना त्याने भाषणाचा आरंभ केला तो त्रिनिदादच्या फेलिसिटी गावातल्या रामलीलेपासून! ऊसमळ्यांसाठी करारावर नेलेल्या भारतीय मजुरांचे वंशज तिथे राहतात. तो सोहळा पाहताना आपण आधी हरवलेल्या भारताचे अवशेषच शोधत होतो, ही चूक त्याने मोकळेपणाने सांगितली. ती पोरे काही हरवून बसलेली नव्हती. ती श्रद्धेने, आनंदाने खेळत होती.

दिवाळीच्या दिवसांत आपल्यालाही हे समजायला जड जाऊ नये. आपल्या अंगणातला दिवा हा दुसऱ्या कुठल्या दिव्याची नक्कल नसतो. ‘ओमेरॉस’ वाचताना ग्रीक कथा ठाऊक नसली तरी बिघडत नाही. कोळ्याची होडी पाण्यात लोटताना पाहिली असली, म्हणजे पुरे.