मंडूकसूक्तातील बेडूक

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील १०३ वे सूक्त पदव्युत्तर वर्गात शिकविताना त्याची ओळख 'वैदिक वाङ्मयातील उपहासाचा प्राचीन नमुना' अशी करून देण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखकानेही ती अनेक वर्षे तशीच करून दिली, आणि उत्तरपत्रिकांतून ती जवळजवळ त्याच शब्दांत परत आली. पाठ होण्याइतके जे मत सोपे झाले आहे, ते तपासून पाहण्याची वेळ आता आली आहे.

सूक्त दहा ऋचांचे आहे. परंपरेने ते वसिष्ठाचे. वर्षभर व्रतस्थ ब्राह्मणांप्रमाणे पडून राहिलेले बेडूक पर्जन्याच्या प्रेरणेने बोलू लागतात येथून त्याला आरंभ होतो. सुकून गेलेल्या चामडी पिशवीसारख्या त्यांच्या देहांवर पाणी येते. एक दुसऱ्याकडे जातो, मुलाने बापाकडे जावे तसा. एकाचे बोल दुसरा उच्चारतो, शिकणाऱ्याने शिकविणाऱ्याचे उच्चारावेत तसे. कोणाचा स्वर गाईचा, कोणाचा शेळीचा. कोणी ठिपकेदार, कोणी पिवळट हिरवा. नाव मात्र सर्वांचे एकच. पुढे अतिरात्र सोमयागातील ऋत्विजांशी व तापलेल्या घर्मपात्रापाशी घामाघूम झालेल्या अध्वर्यूंशी त्यांची तुलना येते. शेवटी याच बेडकांकडून शेकडो गाई व दीर्घ आयुष्य यांची अपेक्षा केलेली आहे.

मॅक्स म्यूलर याने १८५९ साली आपल्या प्राचीन संस्कृत वाङ्मयाच्या इतिहासात हे सूक्त पुरोहितांवरील विनोद म्हणून वाचले. मॉरिस ब्लूमफील्ड याने १८९६ मध्ये त्यास उत्तर देऊन ते पाऊस पाडण्याचा मंत्र ठरविले. यानंतरची बहुतेक चर्चा या दोन टोकांमध्ये हेलकावे खात राहिली. आमची क्रमिक पुस्तके पहिले मत देतात व दुसऱ्याचा कंसात उल्लेख करतात. दोन्ही पक्षांत एक गोष्ट समान आहे: सूक्तातील बेडूक हे खरे बेडूक आहेत, ही शक्यता कोणीच फारशी मनावर घेत नाही. एकाला ते पुरोहितांचे सोंग वाटतात, दुसऱ्याला पावसाचे साधन. या वळणावरून चर्चा बाजूला नेण्याचे श्रेय स्टेफनी जेमिसन यांना द्यावयास हवे. त्यांचा या सूक्तावरील प्राणिशास्त्रीय टिपणांचा लेख १९९१-९२ च्या अंकात पुण्याच्याच भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या वार्षिकात छापला गेला. मराठी अध्यापनात त्याची दखल मला कोठे आढळली नाही. घराशेजारी छापलेल्या गोष्टी आपणांस उशिराच दिसतात.

प्रस्तुत लेखकाच्या मतांतरास निमित्त झाले ते दासगावचा एक मृग. महाडच्या अलीकडे, सावित्रीच्या खाडीकाठी वसलेले हे गाव. मागे डोंगर, पुढे भाताची खाचरे. पहिला जोराचा पाऊस पडून खाचरांत पाणी उभे राहिले की वलगणीच्या मासळीसाठी माणसे बत्त्या घेऊन बाहेर पडतात, आणि त्याच पाण्यात बेडकांचा मेळा भरतो. ऑक्टोबरपासून जूनपर्यंत जो प्राणी कोणाच्या दृष्टीसही पडलेला नसतो, तो एका रात्रीत शेकड्यांनी हजर होतो. यांत सर्वांत मोठा तो ज्यास शास्त्रज्ञ होप्लोबॅट्राकस टायगेरिनस म्हणतात. एरवी तो मळकट हिरवा व डागाळलेला असतो. परंतु समागमाच्या त्या मोजक्या दिवसांत नराचे अंग लिंबासारखे पिवळे होते आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंस निळ्या पिशव्या फुगतात. त्याचा आवाज खोल, नाकातून आल्यासारखा. काळोखात बांधावर उभे राहून तो प्रथम ऐकणाऱ्यास गोठा सुटला की काय असे वाटते. सूक्तातील 'गोमायु' हे विशेषण अलंकार म्हणून शिकविणाऱ्याने एकदा त्या बांधावर उभे राहावे.

हा बेडूक केवळ कोकणातला नव्हे. पंजाब व सिंधूच्या मैदानातही तो आहे. तेव्हा सप्तसिंधूच्या सूक्तास कोकणचा साक्षीदार आणल्याचा दोष येथे येत नाही.

आता शब्दांकडे वळू. दुसऱ्या ऋचेत पडून राहिलेल्या बेडकासाठी 'दृति' हे उपमान आहे. दृति म्हणजे पाणी वा अन्य द्रव पदार्थ भरण्याची कातड्याची पिशवी. भाषांतरकार तिचे 'सुके कातडे' करून मोकळे होतात व उपमेचा अर्धा भाग गमावतात. कातडे नुसते सुकते; पिशवी सुकते व पुन्हा भरते. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, ते त्याच्या त्वचेतून आत शिरते, आणि मूत्राशयात ते साठवूनही ठेवता येते. उन्हाळाभर मातीत आक्रसून राहिलेला देह पहिल्या पाण्यासरशी फुगतो. ही गोष्ट ऋषीला शरीरशास्त्र म्हणून ठाऊक असण्याचे कारण नाही. पाहून ठाऊक होती, आणि तिला नेमका शब्द त्याने योजला.

चौथ्या ऋचेतील 'अनु' या उपसर्गासह आलेला 'ग्रभ्' धातू याहून महत्त्वाचा आहे. ग्रभ् हे ग्रह् चे जुने रूप; मूळ अर्थ पकडणे. उत्तरकालीन भाषेतील 'अनुग्रह' मनात ठेवून वाचले की एक बेडूक दुसऱ्याचे प्रेमाने स्वागत करतो असा अर्थ निघतो, आणि ग्रिफिथच्या इंग्रजी भाषांतरात तो तसाच निघाला आहे. स्वागत करणारे बेडूक म्हटल्यावर विनोद आपोआप आला. पण 'अनु' चा साधा अर्थ मागे, मागून असा आहे; आणि नर बेडूक मादीस मागून, पुढच्या पायांनी काखेखाली घट्ट पकडून तासन्‌तास तसाच राहतो, हे खाचराच्या कडेला कोणालाही दिसते. शिवाय ऋचेत द्विवचनी सर्वनाम आहे. शेकडोंच्या गोंगाटात कवीची दृष्टी एका जोडीवर स्थिरावली आहे. येथे शिष्टाचार नाही, मीलन आहे. आणि अखेरच्या ऋचेत बेडकांकडे विपुलता मागावी का, याचेही उत्तर त्यात आहे. एका मादीची अंडी हजारांनी मोजावी लागतात. ज्यांना संतती व गोधन हजारांनी हवे आहे त्यांनी याहून योग्य दाता कोठे शोधावा?

'पृश्नि' व 'हरित' या वर्णांसंबंधी मात्र मी सावधपणे लिहितो. वैदिक 'हरित' मध्ये पिवळा रंग येतो, तेव्हा पिवळा नर व डागाळ मादी अशी जोडी लावण्याचा मोह अनावर आहे. परंतु ऋचेत ठिपकेदार व हरित हे दोघेही स्वर मिसळतात असे म्हटले आहे, आणि बेडकांत साद घालणारे प्रायः नरच असतात. एक तर कवीने जोडीतील दोघांनाही आवाज दिला, किंवा हे दोन भिन्न जातींचे बेडूक आहेत. सहाव्या ऋचेतील एकच नाव आणि अनेक रूपे हा उल्लेख दुसऱ्या पक्षाकडे झुकतो. 'अजमायु' कोणता, हेही दासगावच्या एका रात्रीवरून ठरविणे धाडसाचे होईल. तेथे चिरक्या, तुटक आवाजाचे उमेदवार पुष्कळ होते.

मग उपहासाची कल्पना आली कोठून? माझ्या मते ती सूक्तातून आलेली नसून वाचकाच्या मनातील बेडकातून आली आहे. अभिजात संस्कृतात बेडूक विहिरीत जाऊन बसला. कूपमंडूक हा संकुचितपणाचा शिक्का झाला. पंचतंत्रातील गंगदत्त आपल्याच भाऊबंदांच्या नाशासाठी सर्पाला विहिरीत आणतो. मराठीत बेडूक फुगतो, उड्या मारतो, डराव डराव करतो. त्याच्याविषयी आदराने बोलण्याची सोयच भाषेने ठेवलेली नाही. युरोपीय वाचकाच्या मागे ॲरिस्टोफेनीसचे नाटकातील बेडकांचे हास्यरस भरलेले वृंदगान उभे होते. शिवाय त्याच्या शीतप्रदेशातील बेडूक थंडीत निजतो व वसंतात तळ्यावर येतो. पावसाच्या पहिल्या दिवसाचा व त्याच्या वाणीचा जो अभेद्य संबंध आपणांकडे आहे, तो त्याच्या अनुभवात नाही. अशा वाचकाने बेडूक आणि ब्राह्मण शेजारी पाहिले की ब्राह्मण खाली उतरल्यासारखा वाटतो. बेडूक वर चढला असेल, हे त्याच्या ध्यानात येत नाही. सूक्ताची नववी ऋचा तर बारा महिन्यांच्या दैवी नियमाचे रक्षण करणारे, ऋतू न मोडणारे म्हणून या प्राण्यांचा गौरव करते. ज्या वाङ्मयात ऋताहून श्रेष्ठ काही नाही, तेथे ही थट्टा कशी मानावी?

ब्लूमफील्डचा पक्ष अधिक भक्कम आहे. सूक्ताच्या लगेच आधीची १०१ व १०२ ही सूक्ते पर्जन्याची आहेत. यास्कानेही निरुक्ताच्या नवव्या अध्यायात आख्यायिका दिली आहे की पर्जन्येच्छू वसिष्ठाने पर्जन्याची स्तुती केली, बेडकांनी तिला अनुमोदन दिले, आणि संतुष्ट होऊन त्याने त्यांचीही स्तुती केली. तथापि सूक्तातच पाहावे तर पाऊस मागितलेला नाही. तो येऊन गेलेला आहे. देह भिजले आहेत, तळे भरले आहे. पाऊस मागण्याचे विधी कोरड्या दिवसांत होतात. आपल्याकडे धोंडी काढतात ती आभाळ रिकामे असताना, पाणी तुंबलेल्या खाचरात नव्हे. बेडकाला पाऊस बोलाविण्याची आज्ञा खरोखर आढळते ती अथर्ववेदाच्या चौथ्या कांडातील पंधराव्या सूक्तात, आणि तेथे आपल्या सूक्ताची पहिली ऋचा उचलून घेतलेली आहे. ब्लूमफील्ड हा अथर्ववेदाचा थोर भाषांतरकार. एका ऋचेच्या उत्तरकालीन विनियोगावरून त्याने संपूर्ण मूळ सूक्ताचा हेतू ठरविला. ज्या दासगावात २५-२६ जुलै २००५ रोजी डोंगर खचून घरेदारे व माणसे गाडली गेली, तेथील ग्रामस्थास पाऊस मंत्राने आणण्याची वस्तू आहे असे सांगून पाहावे. बेडूक बोलले म्हणजे पाऊस आणला, असे तेथे कोणी समजत नाही. बेडूक बोलले म्हणजे वर्ष वेळेवर फिरले, एवढेच समजतात. नववी ऋचा तेच सांगते.

सूक्तातील सर्वांत अवघड शब्द तिसऱ्या ऋचेत आहे: 'अख्खलीकृत्य'. तो ध्वन्यनुकारी मानण्याची परंपरा जुनी आहे. बेडूक 'अख्खल' म्हणत असेल तर म्हणो. मराठी बेडूक डराव म्हणतो व अनुकरणवाचक शब्द प्रत्येक भाषा आपल्याच ध्वनींतून घडविते. परंतु पॉल थीमे याने १९५४ मध्ये सुचविले की हे 'अक्षर' याचेच प्राकृत वळणाचे रूप होय: क्ष चा क्ख, र चा ल. म्हणजे मुलगा बापाकडे जातो तो अक्षरे उच्चारीत, धडा म्हणत. ही व्युत्पत्ती स्वीकारल्यास तिसऱ्या ऋचेतील बापलेक आणि पाचव्या ऋचेतील गुरुशिष्य ही एकच उपमा ठरते, कारण त्या काळी गुरू बहुधा बापच असे. ऋग्वेदासारख्या ग्रंथात प्राकृत उच्चार कसा, हा आक्षेप येईल. पण घरातील मुलाच्या बोबड्या अध्ययनाला घरगुती उच्चार शोभतो. मला तरी थीमेचे मत केवळ ध्वनिदृष्ट्याच नव्हे, रचनेच्या दृष्टीनेही पटते.

ज्यांनी वेदपाठशाळेतील संथा ऐकली आहे त्यांना या उपमेचे स्पष्टीकरण नको. गुरू एकदा म्हणतो, शिष्य तेच पुन्हा म्हणतात; एक थांबला की दुसरा उचलतो. खाचरातही एका कोपऱ्यातून साद उठते, क्षणभराने दुसऱ्या कोपऱ्यातून तीच येते, मग सगळे शिवार म्हणू लागते. त्यात आणखी एक धागा आहे. गृह्यसूत्रांनुसार अध्ययनसत्राचा आरंभ, म्हणजे उपाकर्म, वनस्पती उगवून आल्यावर श्रावणात होतो. आपली श्रावणी ती हीच. गृह्यसूत्रे सूक्ताहून पुष्कळ नंतरची आहेत हे मान्य. तरीही पावसाबरोबर पाठ सुरू करणारे विद्यार्थी व पावसाबरोबर बोलू लागणारे बेडूक यांची सांगड कवीला सहज दिसली असेल, तर त्यात नवल नाही.

सूक्तातील आदर पुढे टिकला नाही, याचा पुरावा मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात मिळतो. तेथे अनध्यायाची कारणे सांगताना गुरू व शिष्य यांच्यामधून मांजर, कुत्रा, साप, मुंगूस किंवा उंदीर गेल्यास एक दिवसरात्र अध्ययन थांबवावे असे म्हटले आहे. त्या यादीत बेडूकही आहे.