‘महारोग’ हे रूपक आणि आपले साहित्य

आपल्या सभांतून, कवितांतून आणि लेखांतूनही एक वाक्य वारंवार भेटते : जातिभेद हा हिंदू समाजाला जडलेला महारोग आहे. वक्ता ते आवेशाने म्हणतो, श्रोते टाळ्या देतात. कवी त्यात आपली भर घालतो. समाजाचे अवयव सडतात, बोटे झडतात, जखमांतून पू वाहतो. या वाक्यामागचा संताप माझाही आहे. तरीही हे रूपक दलित साहित्याने टाकून द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. रुग्णाची मने दुखावतात एवढ्यापुरता हा प्रश्न नाही. हे रूपक ज्या वहीतून आले, त्याच वहीत आपला ‘हीन’ जन्मही लिहिला गेला आहे. ती वही आपण जाळली, पण तिच्यातला एक शब्द अजून आपल्या तोंडी राहिला आहे.

ही वही कोणती ते पाहू. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील पाचवा अध्याय कुष्ठावर आहे. कुष्ठ या नावाखाली तेव्हा त्वचेचे अनेक विकार येत. वैद्याची नजर तेथे तीक्ष्ण आहे. अंगस्पर्श, एकत्र जेवण, एकत्र शय्या यांतून रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो, हे निरीक्षण त्यात आहे. तुवरकाच्या तेलाचा उपचारही सुश्रुताने सांगितला आहे. पण त्याच अध्यायात ब्रह्महत्या, चोरी वगैरे पापांतून हा ‘पापरोग’ होतो आणि त्याने मेलेल्या माणसाला तो पुढच्या जन्मीही गाठतो, असेही सांगितले आहे. म्हणजे एकाच पानावर निरीक्षणही आहे आणि निवाडाही आहे. समाजाने निरीक्षण विसरून निवाडा तेवढा पाठ केला.

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कोणत्या कुळातली मुलगी करू नये याची यादी आहे. कोड आणि कुष्ठ असलेली कुळे तिच्यात आहेत. अकराव्या अध्यायात माणसाच्या शरीरावरील व्यंगावरून त्याच्या पापाचा माग काढला आहे. आणि मराठी घराघरांतून ज्याचे पारायण होते त्या गुरुचरित्राकडे पाहावे. अठ्ठाविसाव्या अध्यायात पतिताच्या हीन जन्माचे कारण सांगताना गुरू कोणत्या पापाने कोणती नीच योनी, कोणते व्यंग आणि कोणता रोग मिळतो याची लांबलचक जंत्री देतात. जात आणि रोग एकाच जंत्रीत एकाखाली एक लिहिलेले आहेत. पुढे चाळिसाव्या अध्यायात कुष्ठाने पीडित नरहरी ब्राह्मण गुरुकृपेने याच जन्मी, याच देहात शुद्ध होतो. पतिताला मात्र पुढच्या जन्माचा वायदा मिळतो. रोगातून सुटका आहे, जातीतून नाही. आणि रोगातून सुटकाही ब्राह्मणाला आहे. आपल्या अभ्यासकांनी हे दोन अध्याय शेजारी शेजारी ठेवून वाचावेत.

या जंत्रीतील रोगाची नोंद विज्ञानाने खोडली. ते कसे घडले हे जाणून घेणे आपल्या कार्यकर्त्यांना आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकात नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील गरीब शेतकरी आणि मच्छीमार यांच्यात हा रोग मोठ्या प्रमाणावर होता. बर्गेन शहरातील डॅनिएल्सन आणि त्यांचे सहकारी बोएक यांनी १८४७ मध्ये त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग आनुवंशिक आहे, असे त्यांचे मत होते. ‘रक्तातच आहे’ हा समज पोथीप्रमाणे प्रयोगशाळेतही होता, हे लक्षात घ्यावे. १८७३ मध्ये त्याच बर्गेनमध्ये गेरहार्ड आर्मॉएर हॅन्सेन यांनी रुग्णांच्या गाठींतून काढलेल्या द्रवात सूक्ष्मदर्शकाखाली काडीच्या आकाराचे जंतू पाहिले. माणसाच्या दीर्घ मुदतीच्या रोगाशी जंतूचा संबंध जोडणाऱ्या पहिल्या शोधांपैकी हा एक आहे. त्याच वर्षी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील डॉक्टर हेन्री व्हँडाइक कार्टर नॉर्वेला जाऊन तेथील रुग्णालये पाहून आले. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या प्रसिद्ध ग्रंथातील चित्रे याच कार्टर यांनी काढली होती.

पण विज्ञानालाही भाबडेपणाने नमस्कार करू नये. हा जंतू प्रयोगशाळेतल्या पोषकद्रव्यात वाढत नव्हता. आजही वाढत नाही. पुरावा मिळवण्याच्या हट्टाने हॅन्सेन यांनी १८७९ मध्ये कारी नावाच्या एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात, तिला न विचारता, दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतील द्रव सुईने टोचला. ती गप्प राहिली नाही. तिची तक्रार रुग्णालयाच्या धर्मोपदेशकामार्फत पुढे गेली, खटला उभा राहिला आणि १८८० मध्ये न्यायालयाने हॅन्सेन यांना त्या रुग्णालयातील डॉक्टरच्या पदावरून दूर केले. देशाचे कुष्ठरोगविषयक प्रमुख अधिकारी मात्र ते राहिलेच. जगाच्या इतिहासात हॅन्सेन यांचे नाव मोठे आहे आणि ते योग्यच आहे. पण ‘माझे शरीर माझे आहे’ हे त्या शास्त्रज्ञाला कोर्टात ऐकायला लावणारी गरीब बाई आपल्या वाचकांच्या अधिक जवळची आहे.

आता आपल्याकडे येऊ. १८९० मध्ये मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर एच. ए. अ‍ॅक्वर्थ यांनी रस्त्यावरच्या निराधार कुष्ठरुग्णांसाठी लोकवर्गणीतून माटुंग्याला आश्रयगृह काढले. वडाळ्याचे अ‍ॅक्वर्थ रुग्णालय ते हेच. मराठीच्या विद्यार्थ्याला हे नाव वेगळ्या कारणाने ठाऊक असते. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्ये प्रसिद्ध करणारे अ‍ॅक्वर्थ हेच होत. गोंधळ्यांच्या तोंडचे पोवाडे त्यांनी जपून ठेवले. रस्त्यावरचे भिकारी त्यांनी गोळा करून आवाराआड ठेवले. पोवाड्यांचा संग्रह आपण अभ्यासतो. त्या आवारातल्या माणसांचे शब्द कोणी संग्रहित केले?

१८९०-९१ मध्ये कुष्ठरोग आयोग हिंदुस्थानभर फिरला. रोग आनुवंशिक नाही, तो संसर्गाने पसरतो पण फार थोड्या प्रमाणात, म्हणून सर्वांना सक्तीने वेगळे ठेवण्याचे कारण नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. तरीही १८९८ चा कायदा झाला. तो प्रत्येकाने वाचावा असा आहे. उघडपणे भीक मागणारा किंवा उपजीविकेचे साधन न दिसणारा असा जो रुग्ण, त्याला पोलिसाने वॉरंटाशिवाय पकडावे, अशी तरतूद त्यात होती. जंतू श्रीमंत-गरीब पाहत नाही, पण हा कायदा पाहत होता. घरात बसून खाऊ शकणारा रुग्ण घरीच राहिला. हातावर पोट असलेला आवारात गेला. भटक्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा कायदा ज्या नजरेने लिहिला गेला, तीच नजर येथेही आहे.

याच कायद्यात आणखी एक कलम होते. खाण्यापिण्याचे पदार्थ विकणे, भाड्याच्या वाहनात बसणे आणि स्थानिक संस्थेने मनाई केलेल्या सार्वजनिक विहिरी-तळ्यांचे पाणी घेणे, या गोष्टी रुग्णाला बंद करता येत होत्या. विहीर, तळे, पाणी! महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी जो प्रश्न उभा राहिला त्याच्याशी या कलमाचे नाते सांगायला नको. आपल्याला पाणी नाकारायला रूढी पुरली. रुग्णाला नाकारायला रूढीच्या जोडीला छापील कायदाही आला. आणि जो अस्पृश्यही होता व रुग्णही, त्याच्यावर दोन्ही कुलपे पडली.

औषधाचा इतिहासही आपल्या दृष्टीने वाचला पाहिजे. तुवरक, म्हणजे सह्याद्रीत कडू कवठ म्हणून ओळखले जाणारे झाड. त्याच्या कुळातील चालमोगऱ्याचे तेल अनेक शतके वापरात होते. पण ते पोटात घेतले तर मळमळे आणि टोचले तर शरीरात शोषले जात नसे. हवाई बेटावरील कॉलेजात शिकवणाऱ्या अ‍ॅलिस बॉल या तरुण कृष्णवर्णीय स्त्रीने ते टोचण्याजोगे करण्याची रीत शोधली. ३१ डिसेंबर १९१६ रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ती वारली. तिचे काम कॉलेजच्या गोऱ्या प्रमुखांनी पुढे चालवले आणि ते त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. १९२२ मध्ये डॉ. हॉलमन यांनी तिचे श्रेय छापून मांडले, तरी तिच्या विद्यापीठाने तिच्या नावाची पाटी लावायला २००० साल उजाडले. कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी नाते सांगणाऱ्या आपल्या चळवळीला हे नाव माहीत असायला हवे.

१९४० च्या दशकात सल्फोन गटातील औषधे आली आणि रोग बरा होऊ लागला. १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सांगितली. आज सहा महिने ते एक वर्षाच्या उपचाराने रुग्ण पूर्ण बरा होतो आणि उपचार सुरू होताच तो इतरांना संसर्ग देईनासा होतो. बहुसंख्य माणसांच्या शरीरात या जंतूला रोखण्याची शक्ती उपजतच असते. बोटे ‘सडून झडतात’ हेही खोटे. जंतू मज्जातंतूंना इजा करतो, त्यामुळे हाताला चटका, जखम कळत नाही. न कळलेल्या जखमा चिघळतात आणि बोटे आखडत, झिजत जातात. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी हे दाखवून दिले आणि शस्त्रक्रियेने वाकडे हात पुन्हा कामाला लावले. म्हणजे आपले कवी ज्या ‘सडण्या’चे वर्णन करतात ते त्या रोगाचे वर्णनच नव्हे.

तरी निवाडा टिकून राहिला. औषध उपलब्ध असताना १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आले. ते २०१९ मध्ये निघाले. १८९८ चा कायदा पुस्तकातून जायला २०१६ उजाडले. ओरिसातील नगरपालिकेवर निवडून आलेल्या एका रुग्णाची अपात्रता २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली. २००५ अखेर देशपातळीवर रोगाचे ‘निर्मूलन’ झाल्याचे जाहीर झाले. त्याचा अर्थ दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण एवढाच होता. त्यानंतरही वर्षाला लाखाच्या घरात नवे रुग्ण सापडत आले आहेत, आणि ते बहुतांशी गरीब वस्त्यांत.

मग मराठी साहित्याने काय केले? सेवेचे साहित्य निर्माण केले. सेवाग्रामला परचुरे शास्त्रींची शुश्रूषा करणारे गांधीजी, दत्तपूरचे मनोहर दिवाण, अमरावतीच्या तपोवनाचे शिवाजीराव पटवर्धन, आनंदवनाचे बाबा आमटे. ही माणसे मोठी आहेत. भिकेऐवजी काम, हा आनंदवनाचा आग्रह मला मनापासून मान्य आहे, आणि ‘ज्वाला आणि फुले’ या १९६४ च्या संग्रहामागे प्रत्यक्ष जगलेले जीवन आहे. माझा आक्षेप या माणसांवर नसून त्यांच्याभोवती वाढलेल्या गौरवग्रंथांवर आहे. त्यांत नायक नेहमी सेवक असतो; रुग्ण म्हणजे सेवकाचे मोठेपण मोजण्याचे माप. परचुरे शास्त्री संस्कृतचे पंडित होते, पण लोकांच्या स्मरणात त्यांचे शब्द नाहीत. गांधीजींचे हात आहेत. हे साहित्य आपण ओळखतो. ‘हरिजनोद्धारा’च्या कथांत आपण असेच मुके होतो. स्वतःच्या तोंडाने बोलण्यासाठीच दलित साहित्य जन्माला आले ना?

बाबासाहेबांनी याबाबत वाट दाखवून ठेवली आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ च्या ग्रंथात खालच्या मानलेल्या लोकांच्या धम्मदीक्षेचा एक भाग आहे. उपाली न्हावी, सुणीत भंगी, सोपाक आणि सुप्पिय हे अस्पृश्य, आणि त्यांच्याच रांगेत राजगृहाचा कुष्ठरोगी सुप्रबुद्ध. गर्दी पाहून, काही खायला मिळेल या आशेने तो येतो आणि बुद्ध त्या सभेत धम्म समजण्यास पात्र माणूस म्हणून त्याला हेरतात. मूळ पाली उदानात या कथेला शेपूट आहे : मागच्या जन्मी एका प्रत्येकबुद्धाचा अपमान केला म्हणून तो कुष्ठी झाला. बाबासाहेब ते शेपूट घेत नाहीत. आणि पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त तर ते याच ग्रंथात नाकारतात. विनयात कुष्ठ असलेल्याला प्रव्रज्या देऊ नये असा नियम आहे, हेही आपण लपवू नये. जीवकाच्या उपचारासाठी रोगी संघात येऊ लागले, असे त्याचे कारण महावग्गात दिले आहे. परंपरेतून काय घ्यायचे आणि काय टाकायचे याचा विवेक बाबासाहेबांनी दाखवला, तोच आपल्याला शब्दांबाबत दाखवायचा आहे.

कोणी म्हणेल, हे केवळ रूपक आहे, इतके मनावर कशाला घ्यायचे? माझे उत्तर असे की हे रूपक आपल्याच विचाराला मारक आहे. रोगाला गुन्हेगार नसतो. तो कोणी रचत नाही, त्यातून कोणाला जमीन, मान, नोकरी मिळत नाही. जातिव्यवस्था रचलेली आहे, तिचे लाभार्थी आहेत आणि ते ती जपतात. तिला रोग म्हटले की लाभार्थी आपोआप रुग्ण होतो आणि रुग्णावर खटला भरता येत नाही, त्याची कीवच करावी लागते. आपण शिवी म्हणून उच्चारलेला शब्द सवर्णांना सुटकेची वाट देतो आणि गावाबाहेरच्या वसाहतीत राहणाऱ्या निरपराध माणसाला दगडासारखा लागतो.

म्हणून आपल्या लेखकांना माझे सांगणे आहे. जातीला व्यवस्था म्हणा, शोषण म्हणा, गुन्हा म्हणा. आपल्याकडे शब्दांची वाण नाही. रोगाला कुष्ठरोग म्हणा आणि माणसाला त्याच्या नावाने हाक मारा. आपल्या शिक्षकांनी वर्गात बधिर चट्ट्याची खूण सांगावी, कार्यकर्त्यांनी वस्तीत औषधाची माहिती द्यावी. आणि वसाहतीतल्या एखाद्या स्त्रीने किंवा पुरुषाने आपली हकीकत आपल्या हाताने लिहिली, तर तिला अशा पानांवर जागा मिळावी. आपल्या पहिल्या आत्मकथनांना ती कोणीतरी दिली होती.