नमुने २९६५, पण माणसं किती?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी जर्नल क्लबमध्ये मी एक पेपर मांडला होता. २०१९ साली 'नेचर'मध्ये आलेला, अमेरिकेतल्या ह्यूमन मायक्रोबायोम प्रोजेक्टच्या दुसऱ्या टप्प्यातला. विषय होता आयबीडी, म्हणजे क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस, आणि आतड्यांतले जिवाणू. स्लाइडवर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'नमुने २९६५'. मागून एका सीनियरने विचारलं, "माणसं किती?" उत्तर होतं १३२. मला ते शोधायला पानं उलटावी लागली!

पेपर चांगलाच आहे, हे आधी सांगतो. आयबीडी कधी शांत असतो, कधी उसळतो. एकदाच नमुना घेऊन त्याचा चढउतार कळत नाही. इथे प्रत्येकाचा वर्षभर पाठपुरावा केला आणि दर दोन आठवड्यांनी शौचाचा नमुना घेतला. जिवाणूंचं संतुलन बिघडलं की फीकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी कमी होतो आणि ई. कोलाय वाढतो, हे त्यातून दिसलं.

मग अडचण कुठे आहे?

एक, एकाच माणसाचे वीस नमुने म्हणजे वीस माणसं नव्हेत. ते एकमेकांसारखेच असणार. या अभ्यासात सगळ्यात मोठा फरक आजारी आणि निरोगी यांच्यात नव्हता, तर माणसामाणसांत होता. म्हणजे सगळ्यांना एकच 'नॉर्मल' लावून चालणार नाही. रुग्णाची तुलना त्याच्याच आधीच्या नमुन्यांशी करायला हवी.

दोन, तुलनेच्या गटात २७ जण होते. पण त्यांतले काही पोटाच्या तक्रारी घेऊनच दवाखान्यात आलेले होते. 'आयबीडी नाही' म्हणजे 'निरोगी' असं नाही.

तीन, टक्केवारी फसवते. समजा, 'क्ष' जिवाणू ६० आणि 'य' ४० आहेत. 'क्ष' घटून २० झाला आणि 'य' तसाच राहिला, तरी 'य'चा वाटा ४० वरून ६७ टक्क्यांवर जातो. वाढलं काहीच नाही, पण आलेखात 'य' वाढलेला दिसतो.

हे नुसते आकडेवारीचे खेळ नाहीत. अशी चाचणी चुकली, तर कुणाला विनाकारण स्टेरॉइड मिळेल, तर कुणाचा उसळलेला आजार नजरेतून सुटेल. आज डॉक्टर शौचातलं कॅलप्रोटेक्टिन मोजतात. ते दाहाच्या वेळी पांढऱ्या पेशींतून येणारं प्रथिन आहे, आणि चाचणी सोपी आहे. जिवाणूंच्या चाचणीने त्याहून आधी किंवा त्याहून वेगळं काही सांगितलं, तरच तिचा उपयोग. 'फरक दिसतो' आणि 'या रुग्णाचं पुढच्या महिन्यात काय होईल हे सांगता येतं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पेट किंवा मुलाखतीची तयारी करत असाल, तर पुढचा पेपर उघडल्यावर निष्कर्षाआधी तीन गोष्टी वहीत लिहा: माणसं किती, तुलना कोणाशी, आणि मोजलं ते प्रमाण की संख्या. माझ्यासारखी भर क्लबमध्ये पानं उलटायची वेळ तुमच्यावर येणार नाही.